आकडा कुठला, कुठल्या दिवसाचा?

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्रातल्या कोरोना मृत्यूंच्या एकूण आकड्यात १,३२८ जुन्या मृत्यूंची एकदम भर पडली. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात असं घर विरळाच, ज्यातलं कुणी ना कुणी पुण्या-मुंबईला नाही. तिकडे एका दिवसात एवढी माणसं गेली असं वाटून पोटात गोळा येणं साहजिक होतं. पण ती माणसं त्या दिवशी गेलेली नव्हती. आधी नोंदायचे राहून गेलेले मृत्यू कागदपत्रं तपासून त्या दिवशी जोडले गेले होते. म्हणून साथीचा आकडा समोर आला की आधी विचारायचं, हा जाहीर आज झाला, पण घडला कधी?

कोरोनाचा मूळ विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जायचे. मग माणूस एक-दोन दिवस ताप अंगावर काढणार, मग स्वॅब, मग अहवालाची वाट. म्हणजे आजच्या बातमीतले रुग्ण हे आठ-दहा दिवसांपूर्वीच्या संसर्गाचं चित्र असतं. मृत्यू त्याहूनही मागचे. दुसऱ्या लाटेत देशातल्या नव्या रुग्णांचा उच्चांक ६ मे २०२१ चा, ४ लाख १४ हजारांवर. रोजच्या मृत्यूंनी मात्र साडेचार हजारांचा टप्पा ओलांडला तो १८ मेच्या सुमारास. मधल्या काळात रुग्ण उतरत होते आणि मृत्यू चढत होते. नुसत्या मृत्यूंकडे पाहणाऱ्याला निर्बंध फुकट गेले असंच वाटलं असतं. प्रत्यक्षात ज्यांना लागण आधीच झाली होती, त्यांचा तो हिशेब होता.

दुसरा प्रश्न तपासण्यांचा. समजा एका आठवड्यात तालुक्यात १,००० चाचण्या झाल्या आणि ५० जण बाधित निघाले. पुढच्या आठवड्यात चाचण्या ४०० वर आल्या आणि बाधित ४८. ‘रुग्ण घटले’ असं छापून येईल, पण बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेलेलं असेल. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शितं किती उचलली आणि पातेल्याच्या कुठल्या भागातून, यावर ती परीक्षा ठरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निर्बंध सैल करण्यासाठी हे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असावं असं सुचवलं होतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पहिल्या देशव्यापी रक्तपाहणीत तर एका सापडलेल्या रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. जाहीर आकडा हा सापडलेल्यांचा असतो, लागण झालेल्यांचा नव्हे.

आपल्या सीमाभागात याच्या जोडीला आणखी एक गुंता आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथल्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे बेळगाव. त्याच तालुक्यातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणारे अनेक जण राहायला बेळगाव तालुक्यात. समजा असा एक कामगार शिनोळीत बाधित झाला, बेळगावात तपासला गेला, तर त्याची मोजणी कुठे होणार? स्वॅबच्या फॉर्मवर जो पत्ता लिहिला, तिथे. चंदगडचा पेशंट बहिणीकडे उतरला असेल आणि फॉर्मवर बेळगावातल्या टिळकवाडीचा पत्ता पडला असेल, तर आकडा टिळकवाडीत वाढतो आणि चंदगडच्या त्या गावात, जिथे साखळी खरोखर चालू आहे, आरोग्यसेविका कुणाच्या दारात जातच नाही. मृत्यूचं त्याहून वेगळं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथे नोंदला जातो. त्यामुळे मोठे दवाखाने असलेल्या शहरात मृत्यूंची नोंद नेहमीच जास्त दिसते, आणि ते शहर धोक्याचं, भोवतालची खेडी सुरक्षित, असा उलटा समज होतो.

जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करतानाही जपायला हवं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ४७.८ लाख, कोल्हापूरची ३८.८, सिंधुदुर्गची फक्त ८.५ लाख. तिन्हीकडे ४०० रुग्ण निघाले, तर दर लाखामागे बेळगावात ८, कोल्हापुरात १०, पण सिंधुदुर्गात ४७ होतात.

आता सीमेवरच्या नाक्याबद्दल. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या कागदाचा अर्थ एवढाच की स्वॅब घेतला त्या घडीला नाका-घशात सापडण्याइतका विषाणू नव्हता. आदल्या दिवशी लागण झालेला माणूस निगेटिव्ह येणार आणि दोन दिवसांनी दुसऱ्याला देणार. अशा तपासणीने बाहेरून येणारे बाधित कमी होतात, हे खरं. गावात पसरायला सुरुवात झालेली नसते, तेव्हा त्याचा उपयोग मोठा. पण दोन्ही बाजूंना साथ पेटलेली असताना नाक्यावरचं मनुष्यबळ घरोघरी ताप शोधायला लावलं असतं तर जास्त जीव वाचले असते, असं माझं ठाम मत आहे.

लागण एकीकडे आणि नोंद दुसरीकडे, हा प्रश्न कोरोनाबरोबर संपलेला नाही. माकडताप १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१६ मध्ये त्याची साथ सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आली, गोव्यातल्या सत्तरीतही तो आढळला. खानापूरचं रान याच सह्याद्रीला लागून आहे. गोचिडीमार्फत होणारा हा आजार चावा बसल्यानंतर तीन ते आठ दिवसांत उफाळतो, आणि त्याचा जोर असतो साधारण डिसेंबर ते मे, आणि काजूचा हंगामही त्यातच येतो. त्या हंगामात गोव्याच्या बागांत मजुरीला गेलेली बाई गोचीड तिकडे अंगावर घेते आणि तापाने फणफणते ती खानापुरात परतल्यावर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर तिचा पत्ता लिहिला जातो. ‘गेल्या दहा दिवसांत कुठल्या रानात होतात, तिथे माकडं मेलेली दिसली का?’ हा रकानाही त्याच कागदावर हवा, आणि भरलेला कागद त्याच दिवशी गोव्याच्या आणि सिंधुदुर्गच्या आरोग्य खात्याला पोचायला हवा.