ॲट्रोपिन नेमकं कुठं जाऊन बसतं?

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की आमच्याकडे फवारणीचा जोर, पाठीवर पंप, तोंडाला लय झालं तर एक दुपट्टा, आन वारा समोरून. संध्याकाळी मग कोणीतरी उलट्या करत ग्रामीण रुग्णालयात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात तर शेकडो जण असे भरती झाले, 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले. ह्या विषबाधेतल्या बऱ्याच पेशंटला ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, पण ते इंजेक्शन विषाला मारतच नाही, विषाला हातबी लावत नाही. मग करतं काय?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट जातीची औषधं. आपल्या नसा ॲसिटिलकोलिन नावाचं केमिकल सोडून पुढच्या पेशीला निरोप देतात, आन निरोप पोचला की एक एन्झाइम ते केमिकल लगेच तोडून टाकतं. विष त्या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं, निरोप थांबतच नाही, लाळ, घाम, बाहुल्या बारीक, नाडी मंद, आन सगळ्यात वाईट म्हणजे छातीत पाणी-चिकटा भरतो. माणूस त्यात गुदमरतो.

हा निरोप घेणारं जे प्रोटीन पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं त्याला मस्करिनिक रिसेप्टर म्हणतात, आन ॲट्रोपिन तिथंच जाऊन जागा अडवून बसतं. पुरेसं ॲट्रोपिन दिलं की साचलेल्या ॲसिटिलकोलिनला बसायला जागा उरत नाही. हे प्रोटीन जीपीसीआर म्हणजे जी प्रोटीन कपल्ड रिसेप्टर ह्या घराण्यातलं. वाकळ शिवताना दोरा कसा खालीवर जातो, तशी ह्या प्रोटीनची साखळी पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाते. बाहेर काही चिकटलं की सगळी साखळी जराशी वळते, आतल्या बाजूला जी प्रोटीन नावाचं दुसरं प्रोटीन जागं होतं आन पुढचं काम सुरू. बाहेरचं केमिकल आत शिरतच नाही, नुसता निरोप जातो. माणसात असे साधारण 800 रिसेप्टर आहेत, त्यातले 400 च्या आसपास नुसते वास घ्यायचे, आन मंजूर औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं ह्याच घराण्यावर काम करतात. बीपीची कितीतरी औषधं, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, सर्दीची सेट्रिझिन, विंचू चावल्यावरची प्राझोसिन, सगळे इथलेच गिऱ्हाईक.

एक गोष्ट मात्र नातेवाईकांना समजावणं अवघड जातं. हातापायाच्या स्नायूंवर ॲसिटिलकोलिनचा जो रिसेप्टर असतो तो वेगळ्याच घराण्यातला, जीपीसीआर नाही, ॲट्रोपिन तिथं लागू पडत नाही. म्हणून लाळ सुकली, छाती मोकळी झाली तरी मान ढिली राहते, श्वासाचे स्नायू थकतात आन व्हेंटिलेटर लागतो. आन डोस जास्त झाला तर पेशंट बडबडतो, चादर ओढतो, ताप चढतो, लघवी अडते, घरचे म्हणतात विष डोक्यात गेलं, पण कधीकधी ते ॲट्रोपिनच असतं. (धोतऱ्यातबी हेच रसायन असतं. म्हणून कोणी घरी धोतरा उगाळून पाजू नका बाप्पा, त्यात किती आहे ते झाडालाबी माहीत नसतं.)

ॲट्रोपिननं एवढ्या ठिकाणी गडबड काहून होते? कारण मस्करिनिक रिसेप्टर एक नाही, पाच प्रकारचे आहेत, एम1 ते एम5. हृदयावर मुख्य एम2, लाळेच्या ग्रंथी आन श्वासनळीवर एम3, मेंदूत एम1, एम4 जास्त. ॲट्रोपिन पाचही अडवतं. नुसता एकच पकडणारं औषध बनवायचं म्हटलं की केमिस्टचा घाम निघतो, कारण पाचही जण त्याच एका ॲसिटिलकोलिनला पकडतात, म्हणजे पकडायची खाच जवळपास सारखीच असणार. 2012 साली एम2 आन एम3 ची रचना क्रिस्टलमधून दिसली, तेव्हा खाच खरंच तशीच निघाली. ह्या प्रोटीनचे क्रिस्टल बनवणं हेच मोठं काम होतं, पडद्यातून बाहेर काढलं की ते मोडतं, अमेरिकेतले शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्कांनी त्यात वर्षानुवर्षं घातली, आन 2012 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना आन रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना मिळालं.

मला ह्या सगळ्यात झॅनोमेलिनची गोष्ट लय आवडते. 1990 च्या दशकात अल्झायमरसाठी हे औषध तपासलं, ते मेंदूतल्या एम1-एम4 ला चालू करतं, भ्रम-भास कमी झाल्यासारखे दिसले. पण पोटातलेबी मस्करिनिक रिसेप्टर चालू झाले, उलट्या-मळमळ इतकी की बऱ्याच जणांनी ट्रायल मधेच सोडली. औषध पडून राहिलं. नंतर कोणीतरी डोकं लावलं की झॅनोमेलिनला सुधरवत बसण्यापेक्षा त्याच्यासोबत ट्रोस्पियम द्या. ट्रोस्पियम म्हणजे ॲट्रोपिनसारखंच अडवणारं, पण मेंदूत जवळपास शिरत नाही. पोटात बंद, मेंदूत चालू. ही जोडगोळी सप्टेंबर 2024 मधे अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झाली. नवीन रेणू न शोधता जुन्याच दोघांची जोडी लावली, ह्याला म्हणतात अक्कल.

आन जीपीसीआर काही माणसातच असतात असं नाही. गोठ्यात गोचिडासाठी जे अमिट्राझ पाण्यात मिसळून जनावराच्या अंगाला लावतात, ते गोचिडाच्या ऑक्टोपामिन रिसेप्टरवर बसतं, तोबी जीपीसीआरच. गोचिडाच्या अंगात त्याचं मोठं काम, आपल्यात जवळपास काहीच नाही, म्हणून गोचीड पडतो आन बैल उभा राहतो. पण माणसाच्या पोटात ते जास्त गेलं तर आपल्या अल्फा-2 रिसेप्टरला लागतं, तोबी ह्याच घराण्यातला, आन मग गुंगी, नाडी मंद, बाहुल्या बारीक. म्हणजे वरून बघणाऱ्याला हुबेहूब फवारणीच्या विषासारखं. त्याला ठरलेला उतारा नाही, ॲट्रोपिननं फार तर नाडी सुधारते, आन डॉक्टर लाळ सुकायची वाट बघत डोस वाढवत बसला तर उलटंच नुकसान. म्हणून पेशंटसोबत ती बाटली किंवा डबा दवाखान्यात न्यायचा, लेबल फाटलं असलं तरी.