बोटाची प्रत्येक सूज नखुरडं नसते

‘कॅन्सर बोटात उतरत नाही, बोट ठणकलं की नखुरडंच,’ हा समज जुना. कापूस वेचताना बोंडाची टोकं टोचतातच, त्यामुळे बहुतेकदा तो खराही ठरतो. पण फुप्फुसाचा कॅन्सर रक्तावाटे हाडांत पसरतो; हातात फार क्वचित, हाडांत गेलेल्या कॅन्सरपैकी हजारात एखादा, आणि तोही बहुधा बोटाच्या शेवटच्या पेरात. लाल, गरम, ठणकणारं बोट, हुबेहूब नखुरडं. फरक एवढाच, अँटिबायोटिकने ही सूज उतरत नाही. वरून बिब्बा लावला की कातडी भाजते, निदान आणखी लांबतं.

दोन आठवड्यांत फरक नसेल तर बोटाचा दोन बाजूंनी एक्स-रे काढा. पेराचं हाड विरघळल्यासारखं पण सांधा शाबूत दिसला, तर छातीचाही एक्स-रे हवा. खात्री हाडाचा तुकडा काढून तपासूनच (बायोप्सी) होते. विडी ओढणाऱ्याने, त्यात जुना खोकला असेल तर, दोन आठवडेही थांबू नये.