भीक आणि भिक्षा : 'शुद्ध मराठीत भीक म्हणजे भिक्षा' म्हणणाऱ्यांसाठी

एक घोळ आहे जो काही केल्या संपत नाही. बातमीचा मथळा येतो 'सिग्नलवर भिक्षा मागणारी मुलं', दुसरीकडे कुणीतरी लिहितं की साईबाबा शिर्डीत भीक मागायचे आणि मग लोकांच्या भावना दुखावतात, तिसरा शहाणा मध्ये पडून समजावतो की अरे भांडता कशाला, भीक हा बोलीतला शब्द आणि भिक्षा हा शुद्ध शब्द, अर्थ एकच. तिघेही चुकलेत, आणि सगळ्यात जास्त तो तिसरा चुकलाय, कारण त्याच्या बोलण्यात अर्धं खरं आहे.

अर्धं खरं ते असं की मूळ एकच. संस्कृत भिक्षा, त्याचं प्राकृतात भिक्खा आणि मराठीत येईपर्यंत भीक. पण मूळ एक म्हणून अर्थ एक कसा होईल? क्षेत्र आणि शेत हेही असेच एका पोटचे. पंढरपूर क्षेत्र आहे, म्हणून तिथे कुणी नांगर घेऊन जात नाही ना.

भीक काय असते हे सांगायला नको. गरज असते, हात पसरला जातो, देणाऱ्याच्या मनात आलं तर मिळतं, नाहीतर 'पुढे जा'. मराठीने या शब्दाला भरपूर कामाला लावलंय, भिकेला लागणे, भिकेचे डोहाळे, भीक नको पण कुत्रा आवर, भिकेची हंडी शिंक्याला चढत नाही, भिकार पिच्चर, आणि 'असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही'. यातल्या एकाही ठिकाणी भीकच्या जागी भिक्षा घालून बघा. 'मी तुझ्या धमक्यांना भिक्षा घालत नाही' असं म्हटलं तर समोरचा हसूनच मरेल. एकाच अर्थाचे शब्द असते तर निदान एखाद्या ठिकाणी तरी खपून गेला असता की.

आता खरा मुद्दा. भीक आणि भिक्षेतला फरक विचारला की तीन उत्तरं हमखास येतात. एक, पैसे मागितले तर भीक आणि अन्न मागितलं तर भिक्षा. हे चूक आहे, दारावर शिळी भाकरी मागणं ही भीकच होती आणि आजही आहे, उलट मुंजीच्या भिक्षावळीत लाडवासोबत नोटांची पाकिटं पडतात. दोन, भगवे कपडे असले की भिक्षा. हेही चूक, भगव्यात भीक मागणारे कुठल्याही देवस्थानाबाहेर बघायला मिळतात. तीन, मानाने मागितलं तर भिक्षा, लाचारीने मागितलं तर भीक. हे उत्तर जवळ जातं, पण मान हा परिणाम आहे, कारण नाही.

फरक आहे नियमाचा. भिक्षेत मागणाऱ्याचे हात बांधलेले असतात. कुणी मागायची, किती घरं फिरायचं, कुठल्या वेळी, काय शब्द उच्चारायचे, किती घ्यायचं, साठवायचं की नाही, आणि मिळालेलं आधी कुणापुढे ठेवायचं हे सगळं आधीच ठरलेलं असतं, मागणाऱ्याची भूक किती आहे याचा तिथे प्रश्नच येत नाही. भिकेला यातलं काहीच लागू नाही. भुकेल्या माणसाने पाचव्या घरी थांबावं असं कोण म्हणेल, तो मिळेपर्यंत मागणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून तर भिक्षा श्रीमंतही मागतो, मुंजीतला बटू बघा. बापाची दोन दुकानं असतील, पोराच्या हातात आयफोन असेल, तरी त्या दिवशी सोवळं, हातात दंड, काखेत झोळी आणि पहिली भिक्षा आईकडे. आई पहिली का? मनुस्मृतीत कारण सरळ दिलंय : आई, बहीण किंवा मावशी, म्हणजे जी नाही म्हणून अपमान करणार नाही अशा बाईकडे आधी माग. आणि पुढचा नियम आणखी बोलका आहे, मिळालेलं सगळं काही लपवाछपवी न करता आधी गुरूपुढे ठेवायचं आणि मग जेवायचं. म्हणजे भीक मागणाऱ्याची असते, भिक्षा मागणाऱ्याची नसतेच, तो फक्त घेऊन येतो. आजच्या हॉलमधल्या मुंजीत आत्या-मावश्या रांगेत उभ्या, फोटोग्राफर 'बाळा इकडे बघ' म्हणतोय आणि पाकिटं थेट आईच्या पर्समध्ये, तिथे हा नियम कुणाला आठवत नाही ते सोडा.

गाणगापूरला तर हे डोळ्यांनी बघता येतं. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण गर्दी आपल्या लोकांची पण चिक्कार. दत्तगुरू दुपारी तिथे भिक्षेला येतात अशी श्रद्धा, त्यामुळे बाराच्या सुमाराला पुण्या-मुंबईहून गाडी करून आलेली माणसं झोळी घेऊन किमान पाच घरं माधुकरी (म्हणजे घरोघरचं थोडं थोडं शिजवलेलं अन्न) मागत फिरतात, आणि वाढणाऱ्यांमध्ये पण पुष्कळसे भक्तच असतात. एका घरची पोळी, दुसरीकडचा भात, तिसरीकडे भाजी, सगळं एकत्र होतं, चव निवडायची सोय नाही. यातल्या कुणालाही त्या दिवशी जेवणाची ददात नसते. याला भीक म्हणायचं असेल तर मग भीक या शब्दालाच काही अर्थ उरत नाही.

आणि हे फक्त ब्राह्मणी प्रकरण आहे असं समजणाऱ्यांनी जोगव्याकडे बघावं. मंगळवारी, शुक्रवारी किंवा नवरात्रात घरातली बाई हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते, कुळाचार म्हणून, घरात धान्याची पोती असली तरी. खंडोबाच्या घराण्यांत कोटंबा, म्हणजे खंडोबाचं भिक्षेचं पात्र, घेऊन पाच घरी 'वारी' मागतात (ही वारी पंढरीची नव्हे, यावरूनही लोक गोंधळतात). पुन्हा तेच, ठरलेली वेळ, ठरलेली घरं, ठरलेले शब्द. जोगवा मागणारीला कुणी भिकारीण म्हणून बघावं, परडीसकट अंगावर येईल.

बौद्ध परंपरेतलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे नियम मागण्यालाच बंदी करतो. भिक्खू शब्दाचा अर्थच मुळात भिक्षेवर राहणारा, पण पिंडपाताला, म्हणजे भिक्षेच्या फेरीला, निघालेला भिक्खू तोंडाने मागत नाही, पात्र घेऊन गप्प उभा राहतो, कुणी काही घातलं तर घेतो, नाहीतर पुढच्या दारी जातो. दुपार व्हायच्या आत जेवण उरकायचं आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. 'देहि' म्हणजे 'दे' म्हणणं नाही, हात पसरणं नाही, तरी ती भिक्षाच.

रामदासांनी दासबोधात चौदाव्या दशकात यावर अख्खा समास लिहिलाय, 'भिक्षा मागोन जो जेविला । तो निराहारी बोलिला । प्रतिग्रहावेगळा जाला'. पहिला भाग लोकांना पाठ असतो, पण माझ्या मते खरी ग्यानबाची मेख त्या प्रतिग्रहात आहे. प्रतिग्रह म्हणजे दान स्वीकारणं. गाय, जमीन, सोनं घेतलं की घेणाऱ्यावर त्याचं ओझं येतं, देणाऱ्याचा मिंधेपणा येतो. भिक्षा इतकी थोडी आणि इतक्या घरांतून आलेली की कुठल्याच एका घराचा मिंधा होत नाही माणूस. शिवाय रामदासांनी भिक्षेच्या निमित्ताने गावोगावच्या लहानथोरांची पारख करायला सांगितलंय, म्हणजे मागणं दुय्यम, हिंडणं आणि माणसं ओळखणं मुख्य.

इथे कुणीतरी तुकोबांचा अभंग काढणार हे मला माहितीये, 'भिक्षापात्र अवलंबणें । जळो जिणें लाजिरवाणें'. बरोबर, तुकोबांनी भिक्षा हाच शब्द वापरलाय आणि वर जळो म्हटलंय. पण बघा, राग कशावर आहे? पात्राचा आधार धरून जगण्यावर. संसार करणारा, दुकानदारी बघितलेला माणूस तो, पोट भरायची सोय म्हणून ज्याने पात्र हातात धरलं त्याच्यावर तो चिडलाय. नियम गेला, सोय राहिली, म्हणजे नाव भिक्षा आणि माल भीक. माझ्या वाचनात तुकोबा आणि रामदास इथे भांडत नाहीयेत, पण कुणाला भांडण लावायचंच असेल तर खुशाल लावा.

आता यातून निघालेले शब्द, आणि इथे माझं डोकं खरोखर फिरतं ते भिक्षुक या शब्दावरून. हिंदीत भिक्षुक म्हणजे भिकारी. मराठीत भिक्षुक म्हणजे पूजा सांगणारे गुरुजी, आणि भिक्षुकी म्हणजे त्यांचा व्यवसाय. जुन्या पुण्यात ब्राह्मणांत गृहस्थ आणि भिक्षुक असे दोन सरळ वर्ग होते, एक नोकरी-सावकारी करणारा आणि दुसरा दक्षिणेवर जगणारा. प्रबोधनकार ठाकरे 'भिक्षुकशाही'वर, म्हणजे पुरोहितांच्या वर्चस्वावर, तुटून पडले ते काय सिग्नलवरच्या भिकाऱ्यांवर? हिंदी मजकूर मशीनमधून काढून तसाच चिकटवणाऱ्यांनी 'शहरातील भिक्षुकांची धरपकड' असं लिहिलं की वाटतं सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींनाच गाडीत कोंबलं.

भिक्षेकरी मधला आहे, आणि मधला असल्यामुळे दोन्हीकडून मार खातो. वासुदेव, पिंगळा, कुडमुडे जोशी, नंदीबैलवाले, बहुरूपी, हे सगळे परंपरेने भिक्षेकरी. काहीतरी देऊन घेणारे, गाणं, भविष्य, सोंग. वासुदेव 'दान पावलं' म्हणतो तेव्हा पावती फाडतो एकप्रकारे, गयावया करत नाही. पण सरकारी भाषेत भिक्षेकरी म्हणजे सरळ भिकारी, चेंबूरला त्यांना ठेवतात त्या जागेचं नावच भिक्षेकरी गृह. आणि १९५९ च्या मुंबईच्या भीक मागण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याने तर व्याख्याच अशी केली की सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा काही विकायचं निमित्त करून मागणं हीसुद्धा भीकच. म्हणजे वासुदेव आणि जोशी थेट व्याख्येतच येऊन बसले. हाच कायदा दिल्लीतही लागू होता, तिथे त्यातली बरीच कलमं उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, गरिबीलाच गुन्हा कसं ठरवता म्हणून. कायदा करणाऱ्यांना भीक-भिक्षेतला फरक कळला नव्हता असं नाही म्हणत मी, त्यांना तो नकोच होता.

माधुकरी आणि वार याचा घोळ छोटा आहे, पटकन सांगतो. गरीब विद्यार्थी झोळी घेऊन घरोघरी फिरून शिजवलेलं अन्न थोडं थोडं गोळा करून आणायचा ती माधुकरी, मधुकर म्हणजे भुंगा त्यावरून. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं ठरवून त्यांच्या पंक्तीला बसून जेवायचं ते वार लावून जेवणं. वारावर जेवणारा झोळी घेत नाही. चरित्रं लिहिणारे दोन्ही एकाच वाक्यात कालवतात. आणि शब्द माधुकरी आहे, मधुकरी नाही.

क्रियापदंही सांभाळा जरा. भीक घालतात, दान देतात, भिक्षा वाढतात. 'भिक्षा वाढ माई' कानाला बरोबर लागतं, 'भीक वाढा' असं कुणी म्हणत नाही. आणि ते 'ओम भवती भिक्षांदेही' एवढं मोठं फ्लेक्सवर छापायच्या आधी एकदा कुणाला तरी विचारा. 'भवति भिक्षां देहि', तीन वेगळे शब्द, देहि ऱ्हस्व. यातलं भवति म्हणजे 'होते' नाही, 'भवती' म्हणजे आदरार्थी तुम्ही, तिला मारलेली हाक आहे ती, बाईमाणसाला. ऑफिसात बॉसकडे पार्टी मागताना जी मंडळी हे ओरडतात ती त्या मिशाळ बॉसला 'अहो बाई' म्हणत असतात.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे, भीक शब्द दरवेळी हलका नसतो. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव भिकाजी, भिकू, भिकोबा ठेवायचे, देवाकडे भीक मागून मिळालेलं पोर म्हणून, दगडू-धोंडूसारखंच, दृष्ट लागू नये म्हणून. कानाच्या वरच्या पाळीतली भिकबाळीसुद्धा त्याच जातीची, भीक मागून जमवलेल्या पैशांतून करायची असं सांगतात. हल्ली ढोल-ताशा पथकातली पोरं मोत्याची भिकबाळी घालून पेशवाई थाटात फिरतात, सराफाकडे जाऊन, बिल करून, कार्ड स्वाईप करून घेतलेली.