अनेकवचन (अरबी व्याकरण)

अरबी भाषेत नामाची तीन वचने मानली जातात : एकवचन (मुफ्रद), द्विवचन (मुसन्ना) आणि तीन किंवा त्यांहून अधिक व्यक्ती-वस्तूंसाठी अनेकवचन (जम्अ). द्विवचन संस्कृत शिकलेल्या वाचकाला नवे नाही आणि अरबीत ते बनवण्याची रीतही एकच आहे. प्रथमेत ‘-आनि’ आणि इतर विभक्तींत ‘-ऐनि’ हा प्रत्यय लागतो. अनेकवचनाच्या मात्र दोन अगदी भिन्न रीती आहेत. एकीत मूळ शब्द शाबूत ठेवून त्याला प्रत्यय लावतात. तिला अरब वैयाकरण ‘सालिम’, म्हणजे अभंग अनेकवचन म्हणतात. दुसरीत शब्दाची व्यंजने तीच राहतात, पण आतले स्वर बदलून शब्दाचा सांगाडाच नव्याने बांधला जातो. हे ‘तक्सीर’, म्हणजे भग्न अनेकवचन. किताब (पुस्तक) याचे कुतुब, कलम (लेखणी) याचे अक्लाम आणि बैत (घर) याचे बुयूत ही दुसऱ्या रीतीची रूपे होत. (या नोंदीत अरबी शब्द उच्चाराला जवळ असे देवनागरीत लिहिले आहेत, कंठ्य व घोटीव वर्णांतले सूक्ष्म भेद दाखवलेले नाहीत.)

अभंग अनेकवचनाचा पुल्लिंगी प्रत्यय प्रथमेत ‘-ऊन’ आणि द्वितीया व षष्ठीत ‘-ईन’ असा आहे : मुअल्लिम (शिक्षक), मुअल्लिमून, मुअल्लिमीन. पुढे संबंधी नाम आले की अंत्य ‘न’ गळतो, म्हणून ‘शाळेचे शिक्षक’ हे मुअल्लिमू-ल्-मद्रसा असे होते. हा प्रत्यय मुख्यतः पुरुषवाचक नामांना व विशेषणांना लागतो आणि स्त्री-पुरुषांच्या मिश्र समूहालाही तोच वापरतात. सना (वर्ष) याचे सिनून, अर्द (जमीन) याचे अरदून आणि इश्रून (वीस), सलासून (तीस) ही दशकवाचके त्या नियमात बसत नसूनही तसेच प्रत्यय घेतात. वैयाकरण त्यांना ‘मुल्हक’, म्हणजे जोडून घेतलेले शब्द म्हणतात. स्त्रीलिंगी प्रत्यय ‘-आत’ असून तो लागताना एकवचनाच्या अंतीची ‘ता मर्बूता’ (स्त्रीलिंगदर्शक अंत्य अक्षर) निघून जाते : मुअल्लिमा (शिक्षिका), मुअल्लिमात. या रूपांची द्वितीया षष्ठीसारखी इकारान्त असते, अकारान्त नसते, आणि शिकाऊ वाचक येथे हमखास अडखळतो. हा प्रत्यय स्त्रियांपुरता मर्यादित नाही; मतार (विमानतळ) याचे मतारात होते आणि दूलारसारखे (डॉलर) कित्येक परके शब्दही त्यानेच अनेकवचनी होतात.

भग्न अनेकवचन समजण्यासाठी धातू आणि साचा यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. बहुतेक अरबी शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात आणि वैयाकरण साचा दाखवण्यासाठी फ-अ-ल ही व्यंजने (येथील ‘अ’ म्हणजे ‘ऐन’ हे कंठ्य व्यंजन) नमुन्यादाखल घेतात. त्या परिभाषेत कल्ब (हृदय) : कुलूब, दर्स (धडा) : दुरूस ही ‘फुऊल’ साच्याची, वलद (मुलगा) : अवलाद ही ‘अफ्आल’ची, वझीर : वुझरा ही ‘फुअला’ची, आणि तालिब (विद्यार्थी) : तुल्लाब, ताजिर (व्यापारी) : तुज्जार ही ‘फुअ्आल’ची उदाहरणे होत. एकूण साचे किती, याची मोजणी ग्रंथागणिक बदलते, कारण विरळ रूपे व समूहवाचक नामे धरायची की नाहीत यावर एकमत नाही. एका शब्दाला दोन-तीन अनेकवचनेही असतात आणि कधी त्यांनी अर्थही वाटून घेतलेला असतो. बैत या शब्दाचे बुयूत म्हणजे घरे, तर अब्यात म्हणजे कवितेतील ओळी. अम्र याचे उमूर म्हणजे बाबी, तर अवामिर म्हणजे हुकूम.

ही रूपे निव्वळ पाठांतराची आहेत, हा प्रवाद पूर्णपणे खरा नाही. चार व्यंजनांच्या शब्दांत तर अंदाज सहसा चुकत नाही : मक्तब (कचेरी) : मकातिब, मिफ्ताह (किल्ली) : मफातीह, सुल्तान : सलातीन. एकवचनातले स्वर येथे पुसले गेले आहेत, तरी शेवटच्या अवयवातील स्वराची लांबी मात्र टिकून राहिली आहे. मक्तबमध्ये तो ऱ्हस्व, म्हणून मकातिब. मिफ्ताहमध्ये दीर्घ, म्हणून मफातीह. जॉन मॅकार्थी आणि ॲलन प्रिन्स या भाषावैज्ञानिकांनी १९९० मध्ये दाखवले, की भाषेत खरोखर चालती असलेली बहुतेक भग्न रूपे एका लघूने व त्यापाठोपाठ एका गुरूने सुरू होतात. नफ्स : नुफूस, रजुल (पुरुष) : रिजाल, सुल्तान : सलातीन ही उदाहरणे मराठी वाचकाला लगक्रम मांडून सहज पडताळता येतील. अक्लाम हे रूप या चौकटीत वर्णविपर्ययाने बसवावे लागते आणि कुतुब तर बसतच नाही. तथापि वीस-पंचवीस साच्यांच्या जुन्या याद्यांपेक्षा ही मांडणी अधिक समाधानकारक वाटते.

पारंपरिक व्याकरणात सर्वाधिक ऊहापोह झाला तो ‘जम्उ-ल्-किल्ला’ (अल्पत्वाचे अनेकवचन, तीन ते दहांसाठी) आणि ‘जम्उ-ल्-कस्रा’ (बहुत्वाचे, त्यापुढील संख्येसाठी) या भेदाचा. बसरा येथील परंपरेचा अग्रणी सीबवैहि (मृत्यू बहुधा हिजरी १८०, इ. स. ७९६ च्या सुमारास, अन्य वर्षेही दिली जातात) याच्या ‘अल्-किताब’ या ग्रंथात हा भेद स्पष्टपणे आला आहे. पुढे अंदलुसात (मुस्लिम स्पेनमध्ये) जन्मलेल्या इब्न मालिकने (मृत्यू १२७४) सुमारे हजार ओळींच्या आपल्या ‘अल्फिय्या’त अल्पत्वाचे चार साचे एकाच ओळीत गुंफले : अफ्इला, अफ्उल, फिअ्ला आणि अफ्आल. पारंपरिक पद्धतीने शिकणारे विद्यार्थी आजही हे साचे तिच्यावरूनच पाठ करतात.

या भेदाच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. उकाझच्या जत्रेत कवींचा निवाडा करणाऱ्या नाबिगा या इस्लामपूर्व कवीसमोर हस्सान इब्न साबित या कवीने आपल्या कुळाची थोरवी गाणारी ओळ म्हटली. तीत चकाकणारी अन्नपात्रे आणि रक्त ठिबकणाऱ्या तलवारी होत्या. नाबिगाने आक्षेप घेतला, की जिफान न म्हणता जफनात म्हणून तू पात्रे थोडी केलीस आणि सुयूफ न म्हणता अस्याफ म्हणून तलवारीही थोड्या केल्यास. ही कथा बहुधा व्याकरणाची परिभाषा रूढ झाल्यावर रचली गेली असावी. इस्लामपूर्व कवी अशी तांत्रिक छाननी करील, हे संभवनीय वाटत नाही. शिवाय खुद्द सीबवैहि हीच ओळ उलट कारणासाठी उद्धृत करतो : ‘-आत’ प्रत्ययाचे रूप अल्पत्वाचे असले तरी कवीला येथे बहुत्वच अभिप्रेत आहे.

कुराणातील प्रयोगही दोन्ही बाजूंना वापरले गेले. ‘सात कणसे’ या अर्थी दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात (आयत २६१) ‘सनाबिल’ हे भग्न रूप येते, तर बाराव्या सूरेत (४३) ‘सुंबुलात’ हे अभंग रूप येते. संख्या एकच असताना रूपे दोन का, याचा खुलासा काही भाष्यकार संदर्भावरून करतात : पहिल्या ठिकाणी दाण्यांच्या वाढीचा, बहुगुणित होण्याचा विषय आहे, म्हणून बहुत्वाचे रूप. ‘तीन ऋतुकाल’ या अर्थीचे ‘सलासता कुरूअ’ (२.२२८) मात्र सरळ नियमाविरुद्ध जाते, कारण तिनाबरोबर अक्रा हे अल्पत्वाचे रूप अपेक्षित होते. तेराव्या शतकातील रदी अल्-अस्तराबादी याने अभंग अनेकवचनांच्या बाबतीत अल्प-बहुत्वाचा भेदच नाकारला. ती केवळ अनेकत्व दाखवतात, असे त्याचे मत होते. प्रत्यक्ष गद्याकडे पाहता हेच मत अधिक ग्राह्य दिसते. कित्येक शब्दांना एकच भग्न रूप असते (रिजाल, अक्लाम), आणि तेच तीनसाठी व तीन हजारांसाठीही चालते. आधुनिक लेखनात तर या भेदाचे भान क्वचितच राखलेले असते.

भग्न अनेकवचनाच्या उगमाविषयी सेमिटिक भाषांच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. इथिओपियाच्या गीझ भाषेत हगर (नगर, देश) याचे अह्गुर होते, म्हणजे तो अरबीतील ‘अफ्उल’ साचाच होय. दक्षिण अरबस्तानातील प्राचीन शिलालेखांतही अशी रूपे आढळतात. या साम्यावरून अरबी, इथिओपी व दक्षिण अरबी भाषांची ‘दक्षिण सेमिटिक’ शाखा दीर्घकाळ मानली गेली. १९७० च्या दशकात रॉबर्ट हेट्झ्रन याने क्रियापदांच्या आधारे अरबीला हिब्रू व ॲरेमाइक यांच्या गटात नेले, तेव्हा भग्न अनेकवचन ही शाखेची खूण न राहता आद्य सेमिटिक भाषेचा वारसा ठरली. हिब्रूतील मेलेख (राजा, मूळ मल्क) याच्या मलाखीम या अनेकवचनात प्रत्ययाखेरीज आत शिरलेला ‘अ’ हा त्या वारशाचा अवशेष असावा, असे अनेकांना वाटते. रॉबर्ट रॅटक्लिफने १९९८ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा तुलनात्मक आढावा घेतला आहे. ही रूपे आरंभी समूहवाचक एकवचने होती, हे जुने मत सर्वस्वी टाकाऊ नाही. पुढील अन्वयाचे नियम त्याला काहीसे पोषक आहेत.

मनुष्येतर अनेकवचनाशी विशेषण व क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनात जुळते : कुतुब जदीदा (नवी पुस्तके) यात जदीदा हे रूप एकवचनी आहे. क्रियापद कर्त्याच्या आधी आले तर कर्ता मनुष्यवाचक व अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनातच राहते. तीन ते दहा या संख्यांनंतर नाम षष्ठीच्या अनेकवचनात, तर अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत द्वितीयेच्या एकवचनात येते. शजर (झाडे, जात या अर्थी), शजरा (एक झाड), शजरात (काही झाडे) आणि अश्जार (झाडे, बहुधा निरनिराळी) अशा साखळ्यांमध्ये समूहनाम हेच मूळ असते आणि प्रत्यय लागतो तो एकवचनाला.

फार्सीच्या मार्गाने मराठीत आलेल्या अरबी शब्दांत भग्न अनेकवचने बरीच आहेत, परंतु मराठीत त्यांचे अनेकत्व जाणवत नाही. नाइब याचे नुव्वाब, त्यावरून नवाब. अमीर याचे उमरा, त्यावरून उमराव. हाल याचे अहवाल, सबब याचे अस्बाब, ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचे अफ्वाह, काइदा याचे कवाइद (मराठी कवायत), जौहर याचे जवाहिर आणि मस्लहा याचे मसालिह (मसाला) ही त्याच वर्गातील होत. असामी तर अनेकवचनाचे अनेकवचन आहे : इस्म (नाव), अस्मा, असामी. औजार हा शब्द काही कोशकार विझ्र (ओझे) याच्या अनेकवचनापासून, तर काही फार्सी अफ्झारपासून आणतात. अर्थाच्या दृष्टीने फार्सी मूळ अधिक जुळते. ‘-आत’ हा प्रत्यय फार्सीने स्वतःच्या शब्दांनाही लावला (बाग : बागात), आणि मराठीतील बागायतचा संबंध त्याच्याशी जोडला जातो.

भग्न अनेकवचनाची रीत अजून चालती आहे. बँक याचे बुनूक, फिल्म याचे अफ्लाम, दुक्तूर (डॉक्टर) याचे दकातिरा ही आधुनिक अरबीतील सर्रास रूपे होत. फार्सीतून पूर्वीच आलेल्या जामूस (म्हैस) याचेही जवामीस झाले होते. बोलभाषांत विभक्तिभेद लोपल्यामुळे ‘-ऊन’ मागे पडून ‘-ईन’ हा एकच पुल्लिंगी प्रत्यय उरला आहे. अरबी कोशांत एकवचनापुढे ‘जीम’ हे अक्षर (जम्अचे आद्याक्षर) घालून अनेकवचन दिलेले असते, आणि अनेक पाठ्यपुस्तके नवा शब्द त्याच्या अनेकवचनासह जोडीने देतात.