जुन्या हार्ड डिस्कवरील फाइलींची पुनर्प्राप्ती

बंद पडलेल्या किंवा वापरातून काढलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरील मजकूर, छायाचित्रे, हिशेब इत्यादी माहिती शोधून ती दुसऱ्या साधनावर सुस्थितीत उतरवून घेण्याच्या प्रक्रियेला फाइलींची पुनर्प्राप्ती म्हणतात. संगणक सुरू होत नाही म्हणजे त्यातील फाइली गेल्या, असा अनेकांचा समज असतो; प्रत्यक्षात पॉवर सप्लाय, मदरबोर्ड किंवा रॅम यांपैकी काहीही निकामी झाले तरी डिस्क धडधाकट राहू शकते. मराठी लेखनाच्या बाबतीत या कामाचे दोन भाग पडतात. पहिला भाग फाइल डिस्कवरून मिळवण्याचा आणि दुसरा ती वाचता येण्याजोगी करण्याचा. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकित होत असल्यामुळे दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

रचना : पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. घरगुती संगणकांत पुढे रुळलेल्या साडेतीन इंची डिस्कमध्ये एक किंवा अधिक तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवर माहिती वाचणारे व लिहिणारे हेड तरंगत असते. धुळीचा साधा कणही या अंतराच्या मानाने डोंगराएवढा असतो, आणि म्हणूनच डिस्कचे झाकण घरी उघडू नये; उघडलेली डिस्क थोडा वेळ चाललीच, तरी हेड तबकडीवर घासून चुंबकीय थर खरवडला जाण्याचा धोका असतो आणि खरवडलेल्या जागेवरील माहिती कोणत्याही उपायाने परत येत नाही.

फाइल पुसली जाते तेव्हा : फाइल डिलीट केल्यावर तिच्यातील मजकूर लगेच नष्ट होत नाही. डॉस आणि विंडोज ९८ यांच्या काळातील, डिस्कवर फाइलींची नोंद ठेवण्याच्या फॅट पद्धतीत फाइलीच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हा सोळा-आधारी संकेत लिहिला जातो आणि तिने व्यापलेली जागा मोकळी असल्याची नोंद होते. रोमन लिपीत ‘पत्रिका’ असे नाव दिलेली फाइल पुसली, तर तिचे आद्य ‘पी’ अक्षर हरवते. बाकीची सहा अक्षरे, फाइलीचा आकार आणि ती कोठे सुरू होते याची नोंद बहुधा जागेवर राहते. फाइल सलग जागेत असेल तर एवढ्यावरून ती जशीच्या तशी परत मिळते. तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल तर पहिला तुकडा सापडतो आणि पुढचा माग तुटतो. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएस पद्धतीत तुकड्यांची यादी फाइलीच्या नोंदीतच असते, त्यामुळे ती नोंद दुसऱ्या फाइलीने व्यापेपर्यंत आशा अधिक असते.

सलगतेचे महत्त्व कोलंबिया या अंतराळयानाच्या उदाहरणातून दिसते. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान पृथ्वीच्या वातावरणात परतताना नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या अवशेषांत झेनॉन वायूच्या श्यानतेवरील (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधावरील) प्रयोगाची एक जळालेली, वितळलेली हार्ड डिस्क काही महिन्यांनी सापडली. धातूच्या तबकड्यांचा माहिती असलेला भाग शाबूत होता आणि प्रयोगाचा संगणक डॉसवर चालत असल्याने माहिती डिस्कभर विखुरलेली नव्हती. तिच्यावरील जवळजवळ सर्व माहिती मिळाली आणि प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

बिघाड ओळखणे : डिस्कचा आवाज हा पहिला पुरावा होय. तबकडी एकसारखी फिरत असेल आणि फक्त काही फाइलींपाशी वाचन अडखळत असेल, तर काही सेक्टर, म्हणजे तबकडीवरील माहितीचे छोटे कप्पे, खराब झालेले असतात. ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, तर हेडला तबकडीवरील मार्ग सापडत नसतो. अशी डिस्क तत्काळ बंद करावी, कारण प्रत्येक टकटकीबरोबर नुकसान वाढण्याची शक्यता असते. नुसती गुणगुण येऊन तबकडी फिरत नसेल, तर हेड चिकटलेले किंवा मोटर अडकलेली असू शकते. काहीच आवाज नसेल तर दोष बहुधा खालच्या सर्किट बोर्डात असतो. फार जुन्या डिस्कमध्ये त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड बसवून भागत असे; नंतरच्या डिस्कमध्ये प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापे बोर्डावरील चिपमध्ये साठवलेली असल्याने ती चिपही काढून नव्या बोर्डावर जोडावी लागते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो करू नये. थंड तबकडीवर हवेतील बाष्प साचते आणि उरलीसुरली संधीही जाते.

जोडणी : डिस्क जुन्या संगणकातून काढून यूएसबी ॲडॅप्टरने नव्या संगणकाला जोडणे हा नेहमीचा मार्ग आहे. २००३ पासून आलेल्या साटा डिस्कला अरुंद, सात संपर्कांची डेटा केबल लागते. त्याआधीच्या आयडीई डिस्कला ४० पिनांची रुंद, चपटी केबल लागते आणि तिच्या कडेची लाल रेघ एक क्रमांकाच्या पिनेच्या बाजूला यावी लागते. ही पिन बहुधा वीजजोडणीच्या बाजूला असते. जोडणीजवळच्या जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणाने, डिस्क ‘मास्टर’ (मुख्य) की ‘स्लेव्ह’ (दुय्यम) हे ठरते आणि ॲडॅप्टरवर लावताना तो बहुधा ‘मास्टर’वर ठेवावा लागतो. डिस्क चांगली असूनही ‘दिसत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा मूळ या जंपरमध्येच असते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तर लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. १९८० च्या दशकातील, ३४ आणि २० तारांच्या दोन केबली असलेल्या डिस्कना मात्र त्यांचे मूळ नियंत्रक कार्डच हवे असते, म्हणून तो जुना संगणकच दुरुस्त करणे श्रेयस्कर ठरते. अशा संगणकात सेटिंग्ज सांभाळणारी बॅटरी संपलेली असते आणि डिस्कची मापे विसरल्यामुळे संगणक डिस्क नसल्याचे सांगतो. बॅटरी बदलून मापे पुन्हा भरल्यास डिस्क ओळखली जाऊ शकते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे जोडणीचे असे जुने सामान शोधता येते.

आधी प्रत, मग शोध : जोडलेल्या डिस्कवर थेट फाइली शोधत बसणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. जुनी डिस्क किती तास चालेल याची खात्री नसते, म्हणून पहिल्याच जोडणीत तिच्या प्रत्येक सेक्टरची प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. ४० गीगाबाइटची निरोगी डिस्क यूएसबी २ मधून साधारण अर्ध्या तासात उतरते. खराब सेक्टर असतील तर काही दिवसही लागतात. जीएनयू डीडीरेस्क्यू ही मोफत आज्ञावली याच कामासाठी आहे. ती आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडणाऱ्या जागा नोंदवहीत टिपून ठेवते आणि शेवटी त्या जागांकडे वळते. मध्येच वीज गेली तरी नोंदवहीवरून काम पुढे चालू होते. विंडोज डिस्क फॉरमॅट करायची का असे विचारू लागल्यास उत्तर ‘नाही’ असेच द्यावे, आणि विंडोजमधील चेकडिस्क ही डिस्क तपासणारी आज्ञावलीही चालवू नये, कारण ती दुरुस्ती करताना मूळ नोंदी बदलते.

प्रतीवर काम करताना टेस्टडिस्क ही आज्ञावली हरवलेले पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र विभाग, शोधते. तिच्याच जोडीची फोटोरेक फाइलींच्या नावांकडे न पाहता त्यांच्या आरंभीच्या खुणा शोधते. जेपेग छायाचित्र एफएफ, डी८, एफएफ या संकेतांनी सुरू होते, तर जुन्या वर्डच्या फाइलीचा आरंभ डी०, सीएफ, ११, ई० असा असतो. या पद्धतीत फाइली मिळतात, पण नावे आणि फोल्डर मिळत नाहीत, आणि हजारो क्रमांकित फाइलींतून हवी ती निवडण्याचे काम माणसालाच करावे लागते. विंडोज एक्सपीच्या डिस्कवर फोल्डर उघडण्यास परवानगी नाकारली गेली, तर फाइली गेल्या असे समजू नये; त्या जुन्या वापरकर्त्याच्या मालकीच्या असतात आणि मालकी बदलल्यास उघडतात. कूटबद्ध केलेल्या फाइली मात्र किल्लीविना उघडत नाहीत, आणि ज्या जागेवर दुसरी माहिती लिहिली गेली तेथील जुनी माहितीही मिळत नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सर्व डिस्कवर शून्ये लिहितो, त्यामुळे अशा डिस्कवर शोधण्यासारखे काही उरत नाही. जलद फॉरमॅटनंतर मात्र बरेच काही मिळू शकते.

मराठी फाइलींचा प्रश्न : फाइल उतरली, उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसला, की ती खराब झाली असे समजून ती पुसून टाकली जाते. हे फार मोठे नुकसान आहे. पुण्यातील सी-डॅक आणि मॉड्युलर इन्फोटेक या संस्थांची उत्पादने, तसेच ‘आकृती’सारख्या आज्ञावल्या छपाईच्या व्यवसायात सर्वत्र होत्या, आणि त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. फॉन्ट बसवला की तोच गोंधळ मराठीत दिसू लागतो. म्हणून फाइलींच्या आधी जुन्या डिस्कवरील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर उतरवून घ्यावे. कोणत्या फाइलीला कोणता फॉन्ट लागतो याचा तोच सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

युनिकोडमध्ये रूपांतर करताना नुसते अक्षरामागे अक्षर बदलून चालत नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘मिरची’ या शब्दात आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘म’ असा क्रम असे. युनिकोडमध्ये ‘म’ आधी आणि वेलांटी नंतर येते. ‘धर्म’मध्ये आधी ‘ध’, मग ‘म’ आणि शेवटी रफार असे. युनिकोडमध्ये ‘ध’नंतर ‘र’, हलन्त आणि मग ‘म’ असा क्रम असतो. चांगले रूपांतरक हे क्रम बदलून देतात, तरी दुर्मीळ जोडाक्षरे, अवग्रह, आकडे आणि मजकुरात मिसळलेले इंग्रजी शब्द येथे चुका राहतातच. इंग्रजी शब्द मराठी समजून बदलले गेले की ते ओळखूही येत नाहीत. पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या आज्ञावलीतील फाइलींना आणखी एक अडचण आहे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली, आणि तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस६ या आवृत्तीनंतर या फाइली थेट उघडण्याची सोय राहिली नाही. अशा फाइली जुन्या विंडोजवर, मूळ फॉन्टसह उघडून आधी पीडीएफ करून घ्याव्यात. रूपांतरित मजकूर त्या पीडीएफशी किंवा छापील अंक हाताशी असल्यास त्याच्याशी ओळीने ओळ ताडून पाहता येतो.