‘नाहीसे होणे’ या एका अर्थाआड

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत फिरणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या याद्यांत लीव्ह, डिपार्ट, व्हॅनिश, वेन, फेड, एक्स्टिंक्ट यांच्यासमोर दोनच अर्थ आलटून पालटून दिसतात : ‘निघून जाणे’ आणि ‘नाहीसे होणे’. पाठांतराला बरे पडते. पण हे शब्द वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दारांनी इंग्रजीत शिरले.

‘लीव्ह’ हा घरचा, जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जाणे’ नव्हताच. ‘मागे राहू देणे’ असा होता. जर्मनमध्ये राहण्याला ‘ब्लायबेन’ म्हणतात, तो याच्याच भाऊबंदांतला. म्हणजे शब्दाची नजर जाणाऱ्यावर नाही, उरणाऱ्यावर आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बीडकडच्या गावांत म्हातारीकोतारी माणसे उरतात. ‘गाव सोडलं’ म्हणताना ते मागे पडलेले गावच डोळ्यांपुढे येते.

सुट्टीचा ‘लीव्ह’ मात्र दुसऱ्याच कुळातला, मुळात ‘परवानगी’. आपली ‘रजा’ही तशीच : अरबीतून फारसीमार्गे आलेली, मूळ अर्थ संमती. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा असलेल्या उर्दूत ‘रुखसत’ म्हणजे परवानगी, निरोप आणि सुट्टी, तिन्ही. जायचे तर आधी विचारा! (आपण तर दारातून बाहेर पडतानाही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो.)

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके दरबारात फ्रेंच चालली. त्या ओघात ‘डिपार्ट’ आला. मूळ अर्थ वाटणी करणे, वेगळे करणे. 1549 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातल्या लग्नाच्या शपथेत मृत्यू नवराबायकोला ‘डिपार्ट’ करतो, म्हणजे त्यांची ताटातूट करतो. पुढे शब्दाचा रोख ‘निघून जाणे’कडे वळला, तेव्हा 1662 मध्ये तिथे ‘डू पार्ट’ घातले गेले. ‘डिपार्टमेंट’ने मात्र जुनी वाटणी सोडली नाही, त्याला आपण ‘विभाग’ म्हणतो ते अगदी नेमके.

‘व्हॅनिश’ही फ्रेंचमधूनच आला, पण मूळ लॅटिन ‘वानुस’, म्हणजे रिकामा. चंद्र कलेकलेने कमी होतो त्याला इंग्रजीत ‘वेन’ म्हणतात. तो थेट जुन्या इंग्रजीतला. दिसायला दोघांचा काही संबंध नाही. भाषाशास्त्रज्ञ मात्र दोघांना एकाच आदिम धातूशी जोडतात, आणि संस्कृतचे ‘ऊन’ही, म्हणजे ‘कमी’, त्यातच बसवतात. तेच ‘ऊन’ मराठीत ‘उणे’ झाले, ‘एकोणीस’मध्येही दडून बसले : विसात एक उणा. वद्य पक्षातला चंद्र ‘उणावतो’ म्हणणाऱ्याला ‘वेन’ पाठ करायची खरे तर गरज नाही.

‘एक्स्टिंक्ट’ लॅटिनमधला, मूळ अर्थ विझवलेला. आधी आग विझे, मग घराणी विझू लागली, मग प्राण्यांच्या जाती. एसटीतले लाल नळकांडे, म्हणजे फायर एक्स्टिंग्विशर, त्याचाच सख्खा भाऊ. ‘कुळाचा दिवा विझला’ ही आपली कल्पना याहून काय वेगळी? फक्त आपण देवघरातला दिवा विझला असे म्हणत नाही, ‘शांत झाला’ म्हणतो.

उलट बाजूही आहे. विहीर आटते, पूर ओसरतो, गर्दी पांगते, धुके विरते. आटण्याला इंग्रजीत ‘ड्राय अप’ अशी जोडणी करावी लागते. आणि ‘परागंदा’? फारसीत नुसते विखुरलेले. मराठीत मात्र दुष्काळाने किंवा जाचाने मुलूख सोडून देशोधडीला लागलेला. हा अर्थ एका इंग्रजी शब्दात मावत नाही.

राहिला ‘फेड’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘फाद’ म्हणजे फिका, आणि बेचवसुद्धा. मराठीत कापडाचा रंग विटतो आणि रोज तेच पिठले-भाकरी खाऊन जेवणाचा वीट येतो.