मोठं वाद्य परदेशी पाठवताय? कागद नेमके कुठे अडतात

पियानो, हार्प, डबल बास किंवा चेलो कमी खर्चात परदेशी पाठवायचा तर मार्ग समुद्राचा. विमानात प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. 210 × 85 × 75 सेंमीच्या पेटीतल्या डबल बासचा हिशोब पेटीचे घनसेंमी 6000 ने भागून 223 किलोवर जातो. वाद्य स्वतः असतं दहा-बारा किलोचं. जहाजावर अख्खा कंटेनर घ्यावा लागत नाही. एलसीएल पद्धतीत इतरांच्या मालासोबत जागा मिळते आणि भाडं घनमीटरवर ठरतं. फक्त, उतरण्याच्या बंदरावरचे हाताळणी आणि कागदपत्रांचे दर आधीच लेखी मागून घ्या. फारच स्वस्त दर आला, तर बहुधा तेच वगळलेले असतात.

कागदांसाठी अर्ज करण्याआधी हेतू ठरवा. कायमचं स्थलांतर असेल तर बहुतेक देश वापरलेल्या सामानावर शुल्कमाफी देतात, पण वाद्य आधीपासून तुमच्या वापरात असल्याचा पुरावा लागतो; युरोपीय संघात किमान 6 महिने. कार्यक्रमासाठी नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्ने, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरता माल नेण्याचा कागद. त्यावर नेलेलं वाद्य तिथे विकता येत नाही.

पासपोर्ट, मालकीचं बिल, पॅकिंग यादी, फोटो हे नेहमीचं. किंमत मात्र ‘जुनं आहे’ म्हणून शून्य लिहू नका. शून्य किमतीचा माल कस्टम्सला संशयास्पद वाटतो आणि विम्याचा दावाही तिथेच संपतो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते सायटीसवर, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारावर. रोझवुडच्या नावाने घाबरून जाऊ नका: 26 नोव्हेंबर 2019 पासून परिशिष्ट 2 मधल्या रोझवुडच्या तयार वाद्यांना परवाना लागत नाही. ब्राझिलियन रोझवुड मात्र परिशिष्ट 1 मध्ये आहे, त्याला ही सूट नाही. म्हणून कागदावर नुसतं ‘रोझवुड’ लिहिणं घातक. लाकडाचं शास्त्रीय नाव लिहा. जुन्या पियानोच्या पट्ट्या हस्तिदंती असतील (प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर बारीक आडवा सांधा दिसतो), तर ते हस्तिदंत सायटीस लागू होण्याआधीचं असल्याचा पुरावा मागतात. हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो. लोखंडी चौकटीवरचा अनुक्रमांक बनवणाऱ्याच्या नोंदींशी जुळवून निर्मितीचं वर्ष काढता येतं, सोबत तज्ज्ञाचं पत्र जोडा. तरीही काही देश हस्तिदंत आत घेतच नाहीत. तिथे पट्ट्या बदलून घेणं जिवावर येतं, पण बंदरात पियानो जप्त होण्यापेक्षा ते बरं.

सायटीसचा निर्यात परवाना 6 महिने चालतो. हा काळ जहाज सुटण्यापुरता आहे असं समजून अनेक जण फसतात. त्या मुदतीत माल पोहोचून तिथल्या कस्टम्ससमोर परवाना सादर व्हावा लागतो. निघताना कस्टम्सचा शिक्काही त्यावर हवा. तो राहिला तर खरा परवानाही नाकारतात. माल निघून गेल्यावर परवाना मिळेल या भरवशावर राहू नका. कार्नेचंही असंच: तो वर्षभर वैध असला, तरी प्रवेशाच्या वेळी कस्टम्स वाद्य परत नेण्याची त्याआधीची तारीख घालू शकतं. ती तारीख तिथल्या तिथे वाचा.

पेटी कच्च्या लाकडाची असेल तर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा शिक्का लागतो; उष्णतेने करायचं तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. प्लायवुडला तो लागत नाही, पण खालच्या साध्या लाकडी पट्ट्यांना लागतो. नेमक्या त्याच पट्ट्यांमुळे आख्खी पेटी परत पाठवली जाते.

विमा घेताना ‘मालकाने स्वतः केलेलं पॅकिंग’ वगळलंय का, ते पाहा. वगळलं असेल तर पॅकिंग व्यावसायिकाकडूनच करून घ्या आणि त्याची पावती विम्याच्या कागदांना जोडा.